मातृभाषेचा रकाना

फॉर्म एकाच पानाचा. झेरॉक्स तिरकी आलेली,
त्यामुळं सगळे रकाने डावीकडं उतरत गेलेत
नंदगडच्या रस्त्यासारखे.
नाव : लुर्डीन इनास बारदेसकर.
जन्म : खानापूर, सरकारी दवाखाना.
बाप्तिस्म्याचा दाखला : जोडला आहे.
मातृभाषा :
इथं पेन थांबलं.

घरात आम्ही भांडतो कोकणीत.
रोजरी मराठीत, आईनं तशीच शिकवली,
आणि लाईन गेली की लोक मला फोनवर
कन्नडात शिव्या घालतात.
मी हेस्कॉमात लाईनमन.
रकाना चार बोटं रुंद.

रुझायच्या मनात बेळगावची शाळा.
बस सकाळी सहा चाळीसला, पोहायचा तलाव,
डोनेशनचा आकडा तिनं मला
कागदावर लिहून दाखवला, तोंडानं सांगितला नाही.
मी त्याच शाळेत शिकलो, मामाकडं राहून, कँपात.
मराठी बोललं की गळ्यात लाकडाची पाटी
आणि दहा पैसे दंड.
चौथीत मी सव्वा रुपया भरला.
एकदा झोपेत बोललो म्हणून मामेभावानं नाव सांगितलं.
रुझाय म्हणते, म्हणूनच तर नोकरी लागली की तुम्हाला.
यावर माझ्याकडं उत्तर नाही.
नोकरी लागली, हे खरंच आहे.

ही शाळा म्हणजे कौलांच्या कारखान्याचं जुनं गोदाम.
अडीच खोल्या, एकतीस पोरं.
ना सरकारची, ना बिशपसाहेबांची.
नऊ घरांनी मिळून काढलेली,
दर महिन्याला हिशेब दारावर चिकटवतात :
खडू, तूर, साबीनबाईंचा पगार (अर्धा, उरलेला बाकी).
कपाटावर सायबिणीची मूर्ती, एका हाताची बोटं तुटलेली.
मैदान नाही. मान्यता पाचवीपर्यंत.
हे मी रुझायपासून लपवलं नाही,
पण सांगितलं मात्र परत येताना, पुलावर, गाडी चालू असताना.

साबीनबाईंनी मला काहीच विचारलं नाही.
वर बोट दाखवून पोरीला म्हणाल्या, ते काय गं?
नळो, लुर्डीन म्हणाली.
शेजारचा बसू लगेच, हंचु!
मागून एकीनं, कौल.
कुणाच्या गळ्यात काही पडलं नाही.
बाईंनी तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले, एकाखाली एक,
मग डबा उघडला, त्यात चार शेंगदाण्याचे लाडू, पोरं सात.
हंचु, म्हणाल्या, म्हणजे वाटूनसुद्धा घ्या.
पोरं हसली. लाडू मोडायला लागली.

आणि मी तिथं दारात उभा,
हेल्मेट काखेत, मान वर करून,
कौल म्हणजे आणखी काय ते आठवत.
आमच्या गल्लीतले लोक गुरवाकडून लावतात तो,
डावा पडला तर नाही, उजवा पडला तर होय.
आम्ही ख्रिस्ती माणसं, आम्हाला तसलं काही विचारायची सवय नाही.
तरी मी बघितलं.
तिसऱ्या ओळीतलं एक कौल उजवीकडं सरकलेलं होतं.
तिथून ऊन पडत होतं कुणाच्या तरी वहीवर.
ते मी रविवारी मिसा झाल्यावर येऊन बसवून देईन म्हणालो,
शिडी माझी आहे.
बाई म्हणाल्या, ॲडमिशन करा न करा,
शिडी आणा की.

रात्री फॉर्म टेबलावर, मिठाच्या बरणीखाली.
पाचवीनंतर काय, रुझायनं विचारलं.
बघू, म्हणालो.
बघू म्हणजे कोण बघणार?
पोरगी खाटेवरून ओरडली, मम्मा, बसूचं खरं नाव बसवराज!
त्याला लाडवाचा मोठा तुकडा मिळाला!

रुझायनं दिवा जवळ ओढला.
पेन झटकून बघितलं, शाई होती.
मधला रकाना तिनं हाताआड धरून भरला,
बराच वेळ लागला तिला, चार बोटांना,
घडी घातली,
आणि तिनं काय लिहिलं ते
मला अजून दाखवलेलं नाही.